गढूळ झालेलं जड पाणी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पहिला मोठा पाऊस झाला आणि नदीला नवं पाणी आलं की आमच्या जाफराबादकडे घराघरांत एका वस्तूची शोधाशोध सुरू होते. ती वस्तू म्हणजे तुरटी. खेळणा-पूर्णेच्या मुलखातलं पुराचं पाणी मातकट असतं. हंडा भरून आणायचा, तुरटीचा खडा पाण्यात दोन-चार वेळा फिरवायचा आणि हंडा झाकून ठेवायचा. तासा-दोन तासांत गाळ तळाशी बसतो आणि वरचं निवळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घेता येतं. आपल्या आयाबाया हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत.

तुरटी हा ॲल्युमिनियमचा क्षार. गढूळ पाण्यात मातीचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. त्यांच्यावर सारखाच विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात आणि खाली बसत नाहीत. तुरटी हा भार मोडते. कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि तळ गाठतात.

श्रोतेहो, आज मी जी हकिगत सांगणार आहे ती बरोबर याच्या उलट आहे. मुंबईत, ट्रॉम्बेच्या एका अणुभट्टीत, ॲल्युमिनियममुळेच पाणी गढूळ झालं. ते पाणी ओतून देता येत नव्हतं आणि बाजारातून दुसरं आणता येत नव्हतं. कारण ते साधं पाणी नव्हतं, जड पाणी होतं. कविता लिहिणाऱ्या माणसाला अणुभट्टीशी काय देणंघेणं, असं कुणी विचारील. पण पाणी निवळ कसं ठेवायचं, हा प्रश्न ज्याच्या घरात हंडा आहे त्या प्रत्येकाचा आहे.

आधी जड पाणी म्हणजे काय ते पाहू. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो. हायड्रोजनच्या साधारण साडेसहा हजार अणूंमागे एखादा अणू दुप्पट वजनाचा असतो. त्याला ड्यूटेरियम म्हणतात. अमेरिकेच्या हॅरोल्ड युरी यांनी १९३१ साली तो शोधला आणि १९३४ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालं. ज्या पाण्यात साध्या हायड्रोजनऐवजी हा ड्यूटेरियम असतो, ते जड पाणी. दिसायला ते आपल्या पाण्यासारखंच असतं. पण एक लीटर जड पाणी सुमारे एक किलो शंभर ग्रॅम भरतं. ते शून्य अंशाला न गोठता पावणेचार अंशांच्या आसपासच गोठतं आणि उकळायला १०१ अंशांहून थोडी जास्त उष्णता घेतं. आपल्या विहिरीत, नदीत, समुद्रातही ते आहेच. मात्र इतकं विखुरलेलं, की ते वेगळं काढण्यासाठी प्रचंड वीज, उंच मनोरे आणि महिनोन्‌महिन्यांचा धीर लागतो. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेमधल्या वेमोर्कच्या कारखान्यात हे पाणी तयार होत होतं. ते जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून १९४३ साली तिथं घातपात घडवण्यात आला आणि १९४४ साली ते वाहून नेणारी बोट तळ्यात बुडवण्यात आली. पाण्यासाठी माणसं लढतात हे आपण टँकरपुढच्या रांगेत पाहतोच. इथं तर काही पिंपांसाठी जीव गेले.

या पाण्याला एवढं मोल कशामुळे? अणुभट्टीत युरेनियमचा अणू फुटतो तेव्हा न्यूट्रॉन बाहेर पडतात. ते फार वेगात असतात. त्यांचा वेग कमी केला तरच ते पुढचा अणू सहज फोडतात. साधं पाणी त्यांचा वेग कमी करतं, पण तसं करताना बरेचसे न्यूट्रॉन गिळूनही टाकतं. त्यामुळे साधं पाणी वापरायचं तर युरेनियम आधी समृद्ध करून घ्यावं लागतं आणि ते तंत्र मूठभर देशांच्याच हाती होतं. जड पाणी मात्र न्यूट्रॉनला आवरतं आणि फारसं गिळत नाही. म्हणजे खाणीतून निघालेलं नैसर्गिक युरेनियम जसंच्या तसं वापरता येतं. डॉ. होमी भाभा यांनी आखलेल्या मार्गाची पहिली पायरी याच गुणावर उभी राहिली.

ट्रॉम्बेची ‘सायरस’ ही भट्टी १० जुलै १९६० रोजी सुरू झाली. भट्टीचा आराखडा कॅनडाचा, जड पाणी अमेरिकेचं आणि जागा मुंबईच्या खाडीकाठची. कॅनडातली मूळ भट्टी थंड करायला नदीचं गोडं पाणी थेट वापरत. इथं समोर समुद्र होता. खारं पाणी इंधनाच्या सळ्यांपर्यंत नेणं शक्यच नव्हतं. म्हणून क्षार काढून टाकलेलं साधं पाणी बंदिस्त नळ्यांतून फिरत ठेवायचं आणि त्या पाण्याची उष्णता समुद्राच्या पाण्याला द्यायची, अशी दुहेरी व्यवस्था करण्यात आली. समुद्राचं पाणी आणि आतलं पाणी यांच्यामध्ये फक्त नळीची भिंत. त्या भिंतीला छिद्र पडलं की खारेपणा आत शिरणार. पाण्यावर पहारा ठेवण्याचं काम इथूनच सुरू झालं.

१८ मे १९७४ रोजी पोखरणला पहिला अणुस्फोट झाला. त्यासाठी लागलेलं प्लुटोनियम सायरसमध्ये तयार झालेलं होतं. कॅनडाने आपलं सहकार्य थांबवलं आणि अमेरिकेशी वाद सुरू झाला. राजस्थानातल्या वीजभट्टीसाठी सोव्हिएत संघाकडून जड पाणी विकत घ्यावं लागलं. देशात नांगलचा छोटा कारखाना १९६२ पासून होता, पण त्याच्या उत्पादनावर मोठ्या भट्ट्या चालणार नव्हत्या. बडोद्याचा नवा कारखाना १९७७ साली उभा राहिला आणि त्याच वर्षी तिथं स्फोट झाला. तुतिकोरिन, तालचेर, कोटा असे एकेक कारखाने अडखळत उभे राहिले. आपल्या महाराष्ट्रात अलिबागजवळ थळ-वायशेतला १९८७ साली खत कारखान्याच्या शेजारी असा कारखाना सुरू झाला. वर्षाला ११० टन ही त्याची मूळ क्षमता. खतासाठी लागणाऱ्या वायूतलं ड्यूटेरियम द्रवरूप अमोनियात उतरवून घ्यायचं, ही तिथली रीत. शेतकऱ्याचा युरिया आणि अणुभट्टीचं पाणी असे शेजारी नांदतात, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. पुढे हाच देश दक्षिण कोरियासारख्या देशाला जड पाणी विकू लागला. पण १९८५ साली ते दिवस यायचे होते. तेव्हा थेंब न्‌ थेंब मोजला जात होता.

अशा काळात ८ ऑगस्ट १९८५ रोजी सायरसच्या शेजारी ‘ध्रुव’ ही शंभर मेगावॉट उष्णतेची नवी भट्टी सुरू झाली. तिची रचना आणि बांधणी भारतीयांची. यात जड पाणी न्यूट्रॉनला आवरायला होतं, तसंच इंधन थंड ठेवायलाही तेच फिरत होतं. इंधन म्हणजे नैसर्गिक युरेनियमच्या सळ्या आणि त्यांवर ॲल्युमिनियमचं वेष्टण.

इथं जरा थांबून शुद्धता म्हणजे काय ते समजून घेऊ. जड पाण्याला दोन प्रकारची शुद्धता सांभाळावी लागते. पहिली म्हणजे त्यात साधं पाणी मिसळू न देणं. भट्टीसाठी ते ९९.७५ टक्क्यांहून अधिक जडच हवं. आपल्या दमट हवेतली वाफसुद्धा त्याला ‘हलकं’ करते. दुसरी शुद्धता म्हणजे त्यात क्षार, धातू किंवा कण न राहू देणं. क्लोराइडचा अंश धातूला कुरतडतो. किरणांच्या माऱ्याने खुद्द पाणीच फुटतं आणि त्यातून ड्यूटेरियम व ऑक्सिजन हे वायू निघतात. ते साठले तर भडका उडण्याचा धोका. म्हणून त्यांना पुन्हा एकत्र आणून त्यांचं पाणी करावं लागतं. पाण्यात उतरलेला धातूचा कण भट्टीच्या गाभ्यातून फिरताना स्वतः किरणोत्सारी होतो आणि नळ्यांच्या कोपऱ्यांत जाऊन बसतो. उद्या त्या नळीची दुरुस्ती करायला जो फिटर जाईल, त्याच्या अंगावर ते किरण पडतात. म्हणजे पाण्याचा गढूळपणा शेवटी माणसाच्या शरीरापर्यंत पोहोचतो.

ध्रुवमध्ये नेमकं काय झालं? जोरात वाहणाऱ्या पाण्यामुळे इंधनाच्या जुड्या थरथरू लागल्या. थरथरीने घर्षण झालं आणि ॲल्युमिनियमचं वेष्टण झिजू लागलं. ॲल्युमिनियम पाण्यात आलं की त्याचं हायड्रॉक्साइड बनतं. पांढरट आणि इतकं बारीक की ते तळाशी बसत नाही. जड पाणी गढूळ झालं आणि त्यातला किरणोत्सार वाढला. भट्टी पूर्ण शक्तीने चालवणं अशक्य झालं. बाहेरचा कुठलाच देश मदतीला येणार नव्हता. रचना आपली, म्हणून दोषही आपला आणि इलाजही आपणच शोधायचा.

अभियंत्यांनी इंधनाच्या जुड्यांची बांधणी बदलून त्या घट्ट बसतील अशी व्यवस्था केली. हा झाला अर्धा इलाज. पण आधीच गढूळ झालेल्या पाण्याचं काय करायचं? आपल्या घरातली तुरटी इथं चालत नाही. एकतर दुखणंच ॲल्युमिनियमचं, त्यात आणखी ॲल्युमिनियम कशाला? शिवाय तुरटीबरोबर पोटॅशियम आणि सल्फेट पाण्यात येणार, आणि तुरटीच्या खड्यात स्वतःचं साधं पाणीही असतंच. नेहमीचा उपाय म्हणजे रेझिन. रेझिनचे मोहरीएवढे मणी पाण्यातले क्षार पकडतात आणि त्या बदल्यात पाण्याचेच घटक सोडतात. पण ते विरघळलेले क्षार पकडतात. न विरघळता तरंगणारे हे बारीक कण मण्यांच्या मधून निसटून जात होते.

ट्रॉम्बेच्या पाणी-रसायनशास्त्रज्ञांनी मग मॅग्नेशियमची मदत घेतली. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच्या साहाय्याने ॲल्युमिनियमचे कण बसवायचे आणि त्याच वेळी रेझिनने ते धरून ठेवायचे. साका बसवणं आणि गाळणं ही दोन्ही कामं एकाच स्तंभात साधली. पाणी बाहेर न काढता, त्यात परका क्षार मागे न ठेवता ते निवळलं. या पद्धतीवरचा शोधनिबंध १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या जानेवारीत ध्रुव भट्टी पूर्ण शक्तीने चालू लागली होती. भट्टी सुरू होण्याचा दिवस आपल्याला माहीत असतो, त्या दिवसाचे फोटो छापून येतात. तिचं पाणी निवळलं तो दिवस कुठल्या दिनदर्शिकेत नाही. मला तो दिवस मोठा वाटतो.

रेझिनचीही एक गंमत आहे. नवे मणी साध्या पाण्याने ओले असतात. ते तसेच वापरले तर जड पाणी पातळ होणार. म्हणून आधी मण्यांमधलं साधं पाणी जड पाण्याने हुसकून लावतात. मणी निकामी झाले की उलट करतात. त्यांच्यात अडकलेलं जड पाणी साध्या पाण्याने काढून घेतात. ते मिश्रण मनोऱ्यात ऊर्ध्वपातनाने पुन्हा घट्ट करतात. इमारतीच्या हवेत गेलेली वाफसुद्धा शोषून परत मिळवतात. आपल्याकडे उन्हाळ्यात भाजी धुतलेलं पाणी अंगणातल्या झाडाला घालतात, तीच ही वृत्ती.

वजूच्या पाण्यासाठी आमच्यात जुना नियम आहे. घाण मिसळून पाण्याचा रंग, वास किंवा चव बदलली असेल तर ते पाणी चालत नाही. माणसाच्या इंद्रियांना जमेल अशी ती कसोटी आहे. रसायनशास्त्रज्ञ त्याच्या पुढे जातो. जे डोळ्यांना, नाकाला, जिभेला कळत नाही, ते तो मोजतो. पाण्यातून वीज किती वाहते यावरून तो क्षार ओळखतो. सामू पाहतो. शेतकऱ्यांना माती परीक्षणामुळे हा शब्द ओळखीचा आहे. प्रत्येक भट्टीचा सामू वेगळा. जर्मनच्या पातेल्यात सोडा घालून काही उकळलं की ते काळं पडतं, हे घरोघरी माहीत आहे. म्हणजे ॲल्युमिनियमला खारटपणा मानवत नाही. म्हणून ॲल्युमिनियमच्या भट्टीत पाणी किंचित आम्लाकडे झुकलेलं ठेवतात. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीत गोष्ट उलटी आहे. ५४० मेगावॉटच्या या जड पाण्याच्या भट्ट्या २००५ आणि २००६ साली सुरू झाल्या. तिथं सुमारे तीनशे अंश तापलेलं जड पाणी पोलादी नळ्यांतून धावतं. पोलादाला आम्ल खातं. म्हणून तिथं लिथियमचा अल्कली घालून सामू दहाच्या वर ठेवतात. एकाच इमारतीत न्यूट्रॉन आवरणारं वेगळं पाणी असतं. ते थंडच असतं, आणि त्याला हा अल्कली नको असतो. एकाच घरात दोन आजारी माणसं असावीत आणि एकाचं पथ्य दुसऱ्याला अपथ्य असावं, तसं हे.

पाण्याची ही काळजी कुठं चुकते तेव्हा काय होतं? कारवारजवळच्या कैगा इथं नोव्हेंबर २००९ मध्ये कामगारांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत ट्रिटियम जास्त आढळलं. ट्रिटियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. भट्टीत ड्यूटेरियमने न्यूट्रॉन गिळला की ते तयार होतं. शोध घेतल्यावर कळलं, की कामगारांच्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये भट्टीतलं जड पाणी कुणीतरी मिसळलं होतं. यंत्र बिघडलं नव्हतं, माणसाने खोडी केली होती. पण ते उघड झालं कशामुळे? नेमाने तपासणी होत होती म्हणून. ट्रिटियमला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोजलं नसतं तर कुणालाच कळलं नसतं.

आता सायरसचा शेवट सांगतो. १९९७ साली ती भट्टी दुरुस्तीसाठी थांबवली आणि २००२ साली पुन्हा सुरू केली. तेव्हा तिला एक नवी जोड मिळाली. भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर समुद्राचं पाणी गोडं करणारा छोटा प्रकल्प, दिवसाला ३० टन पाणी देणारा. अमेरिकेशी झालेल्या अणुकराराच्या वाटेवर ३१ डिसेंबर २०१० रोजी सायरस कायमची बंद झाली. तिने पन्नास वर्षांत रुग्णालयांसाठी किरणोत्सारी औषधद्रव्यं दिली आणि बॉम्बचं साहित्यही दिलं. एकाच पाण्याने दोन्ही कामं केली. पाणी बिचारं काही निवडत नाही. निवड करणारे आपण असतो, म्हणून हिशेबही आपल्यालाच द्यावा लागतो.

हे सगळं जाफराबादला बसून सांगण्याचं कारण काय? आमचा जालना जिल्हा म्हणजे २०१२-१३ च्या दुष्काळाने होरपळलेला मुलूख. आम्हाला पाण्याचं प्रमाण कळतं, पण पाण्याचा गुण मोजायची सवय आपल्याला लागलेली नाही. नदी आटली, विहिरी आटल्या, बोअर खोल गेले. मराठवाडा-विदर्भातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड निघतं. दात पिवळे पडतात, पुढे हाडं वाकतात. फ्लोराइडचं पाणी आरशासारखं निवळ दिसतं. त्यात तुरटी फिरवून ते जात नाही. उकळलं तर उलट घट्ट होतं. आयाबायांचं शहाणपण गढूळ पाण्यासाठी होतं. या नव्या, निवळ दिसणाऱ्या दुखण्याला मोजमापच हवं.

ट्रॉम्बेच्याच भाभा अणुसंशोधन केंद्राने विजेशिवाय चालणारी, गढूळपणा आणि जंतू अडवणारी पातळ पडद्याची गाळणी तयार केली आणि तिचं तंत्र उद्योगांना दिलं. भट्टीचं पाणी राखणाऱ्या संस्थेची विद्या अशी घरच्या हंड्यापर्यंत आली. मात्र विरघळलेलं फ्लोराइड त्या पडद्यातूनही पार जातं. म्हणजे गाळणी घेतली म्हणून मोजमाप टळत नाही. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं आणि त्यांच्या हाती तपासणी संच द्यायचा, अशी तरतूद केली गेली. मला ही तरतूद धरणाच्या भूमिपूजनापेक्षा मोलाची वाटते. तुरटी ज्यांच्या हातात होती, त्यांच्याच हातात आता मोजमाप यायला हवं. पण संच कपाटात कुलूपबंद राहिला तर त्याचा उपयोग शून्य.

जड पाण्याच्या भट्टीत दर पाळीला पाण्याचा नमुना घेतला जातो आणि आकडा वहीत चढतो. आकडा बिघडला तर भट्टीची शक्ती कमी करतात, वेळ पडली तर भट्टी थांबवतात. त्या वहीपुढे मोठ्यातल्या मोठ्या साहेबाचंही चालत नाही. देशाने यंत्राच्या पाण्याला एवढा मान दिला. माणसाच्या पाण्यालाही तेवढाच मान मिळावा, एवढीच मागणी आहे. ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची वही असते, तशी पाण्याचीही असावी. तपासणीची तारीख आणि आकडे तिच्यात लिहिलेले असावेत, आणि ती वही शाळेच्या भिंतीला टांगलेली असावी, जिथं पाचवीतली पोरगीसुद्धा वाचून घरी जाऊन सांगेल, की आज आपल्या नळाचं पाणी कसं आहे.